जुन्या गाडीची समोरची काच बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पद्मिनी, अँबेसिडर, जुनी जीप, हेराल्ड, बीटल. गाडी कोणतीही असो, काच फुटली की मालकांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यातल्या निम्म्या प्रश्नांचं खरं उत्तर काचेत नसतं, काचेभोवतीच्या रबरात आणि रबराखालच्या पत्र्यात असतं. म्हणून खाली पत्र्याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे. ही सगळी उत्तरं रबराच्या बीडिंगमध्ये बसणाऱ्या काचेसाठी आहेत. चिकटवलेल्या काचेच्या गाड्यांचं तंत्र वेगळं, आणि ते घरी करून बघण्यासारखं नाही.

छोटासा टवका उडालाय. काच बदलावीच लागेल का?

काच लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून जोडलेले काचेचे दोन थर) असेल, टवका रुपयाच्या नाण्याहून लहान असेल आणि ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून भागतं. डाग पूर्ण जात नाही, पण चीर पुढे सरकायची थांबते. मात्र टवक्यात धूळ आणि पाणी शिरण्याआधी हे करायला हवं. तोवर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा. चीर कडेपर्यंत पोहोचली असेल तर रेझिनवर पैसे घालवू नका.

वायपरने पडलेले बारीक ओरखडे सिरियम ऑक्साइडच्या पॉलिशने कमी होतात. नख अडकेल इतका खोल ओरखडा मात्र घासत बसू नये. तेवढ्याच जागी काच पातळ होते आणि समोरचा रस्ता लाटांसारखा हलताना दिसतो. रात्री समोरून दिवे आले की हा दोष चांगलाच जाणवतो.

कडेने दुधाळ पांढरे पट्टे आत सरकत असतील, तर काचेच्या दोन थरांमधल्या पीव्हीबीच्या, म्हणजे त्या प्लास्टिकच्या, पडद्यात ओल शिरली आहे. त्यावर औषध नाही. पट्टा कडेलाच असेल तोवर गाडी चालवा आणि शांतपणे नवी काच शोधायला लागा.

माझी काच टफन्ड आहे की लॅमिनेटेड, कसं ओळखायचं?

टफन्ड म्हणजे उष्णतेने कडक केलेली एकाच थराची काच. खालच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. तिथे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं. शिक्का पुसला गेला असेल तर काच काढल्यावर कड बघा. लॅमिनेटेड काचेच्या कडेला दोन थर आणि मधली बारीक रेघ दिसते. काच गाडीवरच असेल तर काळा गॉगल घालून, म्हणजे पोलराइज्ड भिंगांचा, तिरक्या उन्हात तिच्याकडे पाहा. टफन्ड काचेवर ठिपके किंवा पट्टे उमटलेले दिसतात.

दगड बसल्यावर दोघींचा स्वभाव कळतो. लॅमिनेटेड काच तडकते, पण जागेवर राहते. टफन्ड काचेचा एका क्षणात साबुदाण्यासारखा सडा पडतो. ऐंशीच्या वेगात समोरची काच अशी विरघळली की ड्रायव्हरला आधी काही दिसत नाही आणि नंतर तोंडावर वारा येतो.

माझ्या गाडीला कंपनीतून टफन्ड काच होती. ओरिजिनल ठेवायची तर टफन्डच बसवू का?

नको. आपल्याकडे नव्या गाड्यांना समोर लॅमिनेटेड काच सक्तीची झाली ती १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. त्याआधीच्या गाडीला तेव्हा जी होती तीच काच चालवायला कायद्याची आडकाठी नाही. पण बदलायचीच आहे तर लॅमिनेटेड घ्या. बाहेरून फरक दिसत नाही, आणि ओरिजिनल असण्याचा अभिमान तोंडावर काचा झेलण्याइतका मोठा नसावा असं माझं मत आहे. मागची काच आणि दारांच्या काचा टफन्डच असतात, त्या तशाच राहू द्या.

एक गोष्ट तपासा, ती म्हणजे जाडी. जुनी टफन्ड काच आणि नवी लॅमिनेटेड काच यांच्या जाडीत मिलिमीटरभर फरक असू शकतो, आणि बीडिंगची खाच एका ठरावीक जाडीसाठीच असते. दोन्हींच्या कडा व्हर्नियरने मोजून मगच बीडिंग घ्या.

काच मिळते कुठे?

गाडीनुसार उत्तर बदलतं.

अँबेसिडरवाले नशीबवान. ती उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे नवी काच आणि नवं बीडिंग आजही ऑर्डर देऊन मिळतं. पद्मिनीचंही फार अडत नाही. कुर्ल्याला बनलेल्या या गाडीचा उत्पादनकाळ लांब होता, आणि मुंबईच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या. ज्या वस्तूला टॅक्सीवाल्यांचं गिऱ्हाईक असतं ती वस्तू बाजारात तयार होतच राहते. आता ते गिऱ्हाईक गेलं. तेव्हा पद्मिनी ठेवायचीच असेल तर एक जास्तीची काच आणि एक जास्तीचं बीडिंग आत्ताच घेऊन ठेवा. काच माळ्यावर उभी राहते, पण बीडिंग वर्षानुवर्षं ठेवायचं तर उन्हापासून लांब, फ्रेंच चॉकची (म्हणजे टॅल्कची) पावडर लावून आणि घडी न घालता.

फियाट म्हणजे एकच गाडी नव्हे, हेही दुकानदाराला आधी सांगा. डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी एका घरातल्या. त्याआधीची, आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो, तिची काच वेगळी. फोनवर नुसतं ‘फियाटची काच’ म्हणालात तर समोरून पद्मिनीचीच काच बांधून येईल.

मुंबईत ऑपेरा हाऊसचा स्पेअर पार्ट बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात जुना बाजार, बाहेर चेन्नईचं पुदुपेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार ही शोधायची ठिकाणं. हेराल्डसाठी चेन्नईकडे विचारणं जास्त फळतं, कारण ती तिथलीच गाडी. बाजारात जाताना जुन्या काचेचा कागदी साचा न्या: काचेवर ब्राउन पेपर अंथरायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. काच पूर्ण फुटली असेल तर पत्र्याच्या चौकटीवरून साचा काढा, पण त्यावर ‘चौकटीचं माप’ असं ठळक लिहा. दोन मापांत बीडिंगचा फरक असतो, आणि हा गोंधळ नेहमी होतो.

भंगारातल्या गाडीची काच घेऊ का?

घ्या, पण गाडीवरून काढताना समोर उभं राहता आलं तर. काच चांगली असते, तिला मारतो तो काढणारा माणूस. पेचकस घालून उचकटली की कडेला नखाएवढा टवका उडतो. तो बीडिंगखाली लपतो, आणि तुमच्या गाडीवर पहिल्या खड्ड्यात तिथून चीर धावते. घेताना कडेवरून बोट फिरवा (हातमोजा घालून). मग काच उभी धरून तिच्यातून विजेच्या तारेकडे किंवा खिडकीच्या गजाकडे बघा आणि काच हळूहळू सरकवा. रेघ मधेच वाकत असेल तर सोडून द्या.

गाडीत घालून नेताना काच उभी, कडेवर, गादीला टेकवून न्यायची. आडवी ठेवली तर स्वतःच्याच वजनाने आणि रस्त्याच्या धक्क्याने तडकते.

जीपची सपाट काच साध्या काचवाल्याकडून कापून घेतली तर?

चालते, आणि जुन्या जीपचा हा मोठा फायदा आहे. सपाट लॅमिनेटेड काच मापात कापता येते. टफन्ड काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, छिद्र पाडता येत नाही, कड घासतासुद्धा येत नाही. हात लावलात की चुरा.

काचवाल्याला नुसतं ‘लॅमिनेटेड द्या’ म्हणू नका. इमारतींसाठी जी लॅमिनेटेड काच सर्रास मिळते तिच्यात पीव्हीबीचा पडदा बहुधा ०.३८ मिलिमीटरचा असतो. गाडीच्या समोरच्या काचेत तो ०.७६ असतो. डोकं आदळलं तरी आरपार जाऊ नये म्हणून ही जाडी ठरलेली आहे. तीन अधिक तीन मिलिमीटरच्या काचेत ०.३८ चा पडदा असेल तर एकूण ६.३८ भरते आणि ०.७६ चा असेल तर ६.७६. दुकानदाराच्या बिलावर हा आकडा दिसला पाहिजे. सेफ्टी ग्लासचं आयएसआय चिन्ह असलेलीच घ्या आणि चारही कडा घासून गुळगुळीत करून मागा. कोपरे गोल हवे असतील तर साचा पुठ्ठ्याचा द्या, तोंडी सांगू नका.

अ‍ॅक्रिलिकची शीट बसवा, फुटत नाही, असं सुचवणारे भेटतील. वायपर एक पावसाळा फिरला की त्या शीटमधून काही दिसत नाही.

वक्र काच नवी बनवून घेता येते का?

येते. साचा म्हणजे लोखंडी कड्याची चौकट. तिच्यावर काचेचे दोन थर एकावर एक ठेवून साधारण ६०० अंश सेल्सियसला तापवले की काच स्वतःच्या वजनाने चौकटीत बसते. मग मध्ये पीव्हीबी घालून दाब आणि उष्णतेखाली जोडतात. खरा खर्च या चौकटीचा असतो. एका गाडीसाठी तो अंगावर येतो. त्याच मॉडेलचे आणखी चारपाच मालक एकत्र आले तर परवडतो. क्लबमध्ये विचारा, एखाद्याने आधीच साचा केलेला असू शकतो.

नमुना म्हणून कारखान्याला अखंड काच लागते. फोटो आणि मोजमापावर वक्रता जमत नाही. तडकलेली लॅमिनेटेड काचही नमुन्याला चालते, म्हणून ती फेकू नका.

काच चांगली मिळाली. जुनं बीडिंगच वापरू का?

नाही. या प्रश्नाला दुसरी बाजू नाही. वीस-तीस वर्षांच्या उन्हाने रबर आकसतं आणि कडक होतं. कोपऱ्यात अंगठ्याने दाबून पाहा, बारीक भेगा उघडतील. असं रबर काढताना फाटतं, आणि न फाटता निघालं तरी त्याचा ओठ, म्हणजे काचेवर आणि पत्र्यावर टेकणारी कड, पुन्हा नीट टेकत नाही. जुनं बीडिंग वाचवण्याच्या नादात काच फुटते ती वेगळीच. काढताना सरळ कटरने बाहेरचा ओठ कापून टाका.

नवं घेताना ईपीडीएम रबराचं मागा, ऊन आणि ओझोन यांना ते जास्त टिकतं. कोपरे साच्यातले असलेलं अखंड बीडिंग मिळालं तर उत्तम. मीटरवर मिळणारं घ्यावं लागलं तर मापापेक्षा किंचित लांब कापा आणि दाबून बसवा. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आकसतं आणि सांध्यात फट पडते.

काच काढली तर खालचा पत्रा सडलेला निघाला. आता?

हे बहुतेक गाड्यांत निघतं, त्यामुळे दचकू नका. पण त्यावर नवी काचही चढवू नका.

होतं असं की, बीडिंग कडक झालं की पावसाचं पाणी त्याच्या ओठाखाली शिरतं आणि खालच्या दोन कोपऱ्यांत साचून राहतं. वरून रंग शाबूत दिसतो, आतून पत्र्याची कड पापडासारखी होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात राहिलेल्या गाड्यांत तर मी काच काढण्याआधीच टिंकरची (पत्र्याचं काम करणाऱ्याची) वेळ ठरवून ठेवायला सांगतो. देशावरच्या गाडीला कदाचित नुसत्या सँडपेपरवर भागेल.

पत्रा बघायची रीत सोपी आहे. जुनं डिंकासारखं काळं सीलंट खरवडून काढा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, आणि पेचकसाच्या टोकाने कडेवर सगळीकडे टोचत जा. जिथे टोक आत जातं तिथला पत्रा गेला. नुसता वरचा गंज असेल तर चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, इपॉक्सी प्रायमर द्या आणि रंग मारून पूर्ण वाळू द्या. भोकं असतील तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो.

टिंकर इथे एक सोपा मार्ग सुचवतो: भोकात पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा. दिसायला झकास होतं. पण ही कड काचेचं वजन आणि गाडीचे हेलकावे झेलते. पुट्टी तडकते, पाणी पुन्हा शिरतं, आणि दोन पावसाळ्यांनी आधीपेक्षा मोठं भोक घेऊन तुम्ही तिथेच उभे असता. पुट्टीला ठाम नकार द्या, वेल्डिंगचे पैसे द्या.

वेल्डिंगनंतर चौकटीचा आकार थोडाही बदलला तर काच बसत नाही, किंवा बसून तडकते. म्हणून रंग मारण्याआधी नवी काच नुसती ठेवून बघा. चारही बाजूंना फट सारखी हवी, आणि काच चौकटीवर कुठेही एकाच टोकाला टेकून डुलता कामा नये. डुलत असेल तर तो उंचवटा शोधून हातोडीने हलकेच बसवा. वेल्डचा थेंब राहिला असेल तर ग्राइंडरने काढा.

एवढ्याचसाठी एक नियम पाळा: नवी काच आणि नवं बीडिंग हातात आल्याशिवाय जुनी काच काढू नका. उघड्या गाडीत पाऊस, मांजरं आणि शेजारची मुलं सगळेच शिरतात.

काच प्रत्यक्ष बसवतात कशी?

दोरीने. दोन माणसं, साबणाचं पाणी आणि घाई नसलेली सकाळ लागते.

आधी वायपरच्या दांड्या, आतला आरसा आणि आड येणारी डॅशबोर्डची पट्टी काढा. बॉनेटवर जाड गोधडी टाका. जुनी काच फुटलेली असेल तर डॅशबोर्डवरच्या हवेच्या फटी चिकटपट्टीने बंद करून मगच तुकडे वेचा. तिथे पडलेले कण पुढे पंखा लावल्यावर थेट डोळ्यांत येतात. आधीच पडले असतील तर व्हॅक्यूम क्लीनर लावा.

बीडिंग तासभर उन्हात ठेवून मऊ करा. मग नवी काच गादीवर ठेवून तिच्याभोवती ते चढवा. सुरुवात वरच्या कडेपासून, कोपरे नीट बसवत. आता बीडिंगची बाहेरची खाच, म्हणजे ज्यात पत्र्याची कड जाणार ती, तिच्यात चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवा. दोन्ही टोकं खाली मध्यावर आणून वीतभर एकमेकांवर चढवा आणि लोंबती सोडा. सुतळी वापरू नका, ती रबर कापते आणि ओली झाली की अडकते.

पत्र्याच्या कडेला आणि खाचेला साबणाचं पाणी लावा. भांड्यांचा साबण किंवा शाम्पू चालतो. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांतलं काहीही नको, त्यांनी रबर फुगतं आणि सैल पडतं. कोणी तरी ‘थोडं ऑइल लावा, सटकन बसेल’ म्हणणारच. सटकन बसतं खरं, आणि काही महिन्यांनी तितक्याच सहज निघतं.

दोघांनी मिळून काच बाहेरून चौकटीत टेकवा. दोरीची टोकं गाडीच्या आत. आता एकजण आत बसून खालच्या मध्यापासून दोरीचं एक टोक काचेच्या मध्याच्या दिशेने, हळू आणि एकसारखं ओढतो. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत येतो. बाहेरचा माणूस नेमक्या त्याच जागी उघड्या तळव्याने दाबत आणि थोपटत राहतो. आधी खालची कड, मग दोन्ही कोपरे, मग बाजू आणि शेवटी वरची कड. ओठ मधेच अडकला तर दोरी जोरात खेचू नका. प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने ओठ उचला आणि पुढे चला. पेचकस नको.

काच एका बाजूला सरकलेली वाटली तर तळव्याने थोपटून मध्यावर आणा. मुठीने किंवा रबरी हातोड्याने कधीच नाही. कोपऱ्यावरचा एक ठोका पुरतो.

क्रोमची पट्टी आधी घालायची की नंतर?

बीडिंग बघून ठरतं. काही गाड्यांत पट्टी बीडिंगच्या खाचेत काच गाडीवर चढवण्याआधीच घालावी लागते. नंतर ती जाणारच नाही. काहींत, विशेषतः जिथे ती रबराला ‘लॉक’ करते तिथे, ती सगळ्यात शेवटी जाते आणि तिच्यासाठी डोळ्याच्या आकाराचं छिद्र असलेलं एक छोटं हत्यार मिळतं. ते हत्यार साबणाच्या पाण्यात बुडवून खाचेत फिरवायचं, पट्टी त्यातूनच सुटत जाते. सांधा खाली मध्यावर ठेवा. जुनी धातूची पट्टी काढताना वाकली तर सरळ करणं जवळपास अशक्य असतं. म्हणून बीडिंग कापतानाच ती वेगळी, एका फळीवर बांधून ठेवा.

आजूबाजूने सिलिकॉन मारून टाकू का?

घरच्या बाथरूमचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते अजिबात नको. सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि नुकताच दुरुस्त केलेला पत्रा पुन्हा गंजायला लागतो. शिवाय त्यावर पुढे कोणताही रंग धरत नाही.

चांगल्या बीडिंगला सीलंट लागतच नाही, असं मानणारेही जाणकार आहेत. आपल्या पावसात मी तरी थोडं लावायला सांगेन. न सुकणारं, मऊ राहणारं, गाड्यांसाठीचं काळं सीलंट घ्या. ते रबर आणि काच यांच्यामध्ये आणि रबर आणि पत्रा यांच्यामध्ये, ओठ उचलून आत भरायचं. बाहेर आलेलं लगेच पुसा.

नव्या गाड्यांची काच ज्याने चिकटवतात ते पीयू वापरून जुन्या गाडीची काच पक्की करून देतो असं काही काचवाले म्हणतात. पुढच्या वेळी ती काच तारेने कापून काढावी लागेल आणि पत्र्याचा रंगही सोबत निघेल. बीडिंगच्या गाडीला बीडिंगच.

नवी काच बसवली आणि आठवड्यात आपोआप तडकली. काच खराब होती का?

क्वचित. चीर कुठून निघाली ते बघा. कडेपासून निघून आत आली असेल आणि सुरुवातीला दगडाचा टवका नसेल, तर पत्र्यावर उंचवटा आहे, किंवा चौकट वाकडी आहे, किंवा कडेला आधीच टवका होता. तशीच दुसरी काच चढवली तर तीही तडकेल. त्यात एक भर घाला: दुपारच्या उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात कडेला कमकुवत असलेली काच एवढ्यानेही जाते.

काच बदलली तरी पायाशी पाणी येतंच.

मग पाणी काचेतून येतच नसेल. वायपरच्या दांड्या जिथून बाहेर येतात तिथली रबरं, बॉनेट आणि काच यांच्यामधली हवेची जाळी, दाराचं रबर हे सगळे त्याच जागी पाणी पोहोचवतात.

शोधायची पद्धत: आत एकजण टॉर्च घेऊन बसतो, बाहेरचा पाइपने पाणी सोडतो. जोराची धार नको, आणि सुरुवात खालून. आधी फक्त जाळी, मग वायपरच्या बुडाशी, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वर. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही कळत नाही. बीडिंगच्या आतल्या बाजूला टॅल्कम पावडर भुरभुरली तर ओलाव्याची पहिली रेघ स्पष्ट दिसते.

कोणत्या ऋतूत करावं?

दिवाळी ते होळी. भर पावसाळ्यात पत्र्यातली ओल रंगाखाली कोंडली जाते. फुटलीच तर नाइलाज, पण मग बंदिस्त गॅरेज शोधा.

विमा मिळतो का?

फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर नाही, आणि बहुतेक जुन्या गाड्यांना तेवढीच असते. पूर्ण विमा असेल तर एक गोष्ट मालकाच्या बाजूची आहे: काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, गाडी कितीही जुनी असो. रबरी भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो, म्हणजे बीडिंगचे निम्मे पैसे तुमचे. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपले आपण भरायचे असतात. आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो. हिशेब मांडून बघा. स्थानिक काच स्वस्तात मिळत असेल तर दावा न केलेलाच बरा. आयात काचेचं गणित वेगळं. तिथे दावा करायचा असेल तर जुनी काच काढण्याआधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरला बोलवा. काढलेल्या काचेचे फोटो तो मानेलच असं नाही.

आरटीओत काही कळवावं लागतं का? विंटेज नोंदणीला अडचण येईल?

काच बदलल्याची नोंद कुठे करावी लागत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाला गाडी दाखवायला नेता तेव्हा मात्र तडकलेली काच खुपते. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, त्यामुळे गडद काच किंवा गडद फिल्म नको. वर हिरवा पट्टा असलेली काच जुन्या गाडीला शोभतही नाही, हे माझं वैयक्तिक.

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. त्याच आकाराची काच त्याच पद्धतीने बसवणं हा तसा बदल नव्हे. दोन तुकड्यांची काच काढून चौकट कापून एकच मोठी काच बसवणं हा आहे.

लोक विसरतात त्या दोन वस्तू काचेवर चिकटलेल्या असतात. एक फास्टॅग. तो सोलून काढला की निकामी होतो, म्हणून ज्या बँकेचा आहे तिच्याकडे बदली टॅग मागा. दुसरा एचएसआरपीसोबत (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसोबत) आलेला होलोग्रामचा स्टिकर. तोही काढताना फाटतो, नवा मागवावा लागतो.

परदेशातून काच मागवू का? भाऊ तिकडेच असतो.

बीटल, मर्सिडीज, इम्पाला अशा गाड्यांसाठी हा मार्ग खरा आहे. पण विमानात सामान म्हणून वक्र काच आणायचा विचार सोडा. लाकडी पेटीत उभी, कडांना फोम लावून, विमा उतरवून, मालवाहतुकीनेच पाठवायला सांगा. पेटी उघडताना व्हिडिओ काढा, कारण फुटकी निघाली तर विमा कंपनी तोच मागते. भावाने बॅगेत घालून आणावं असं काही असेल तर ते बीडिंग: हलकं, न फुटणारं, आणि या गाड्यांचं चांगलं बीडिंग इथे मिळायला काचेइतकंच अवघड.

डावं-उजवं स्टीअरिंग असल्याने काच बदलत नाही, वायपरची दिशा बदलते. मॉडेलचं वर्ष मात्र शंभरदा तपासा. बीटलची काच एका वर्षाची दुसऱ्या वर्षाला बसेलच असं नाही.

काढलेली जुनी काच फेकून देऊ?

तडकलेली असली तरी अखंड असेल तर ठेवा, नमुन्याला कामी येते. टफन्डचा चुरा असेल तर निदान शिक्का असलेला तुकडा शोधा. गाडी विकताना किंवा स्पर्धेत उतरवताना तो दाखवता येतो. उरलेला चुरा घरच्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. जाड पोत्यात बांधून वर ‘काच’ लिहा आणि भंगारवाल्याला द्या. लॅमिनेटेड काच तो बहुधा घेणार नाही, पण काच बसवणाऱ्या दुकानाकडे अशा काचांचा ढीग असतोच. नवी काच घेतानाच जुनी त्यांनी ठेवून घ्यावी असं ठरवून टाका.